उलटी झाली, पण सरांना सांगितलं नाही

पत्र: ताई, आम्ही चोपडा तालुक्यातले शेतकरी, थोडी केळी आणि थोडी कपाशी. मुलगी सोळा वर्षांची आहे. तिच्या आजोबांनी पाठीला डबा बांधून तिला विहिरीत पोहायला शिकवलं. आता ती जळगावला मावशीकडे राहून सराव करते, ब्रेस्टस्ट्रोक पोहते. गेल्या हंगामात मलेशियात वयोगटाच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली. गावाने वर्गणी काढून तिला वाजतगाजत पाठवलं. तिथे पोहोचल्यावर दुसऱ्या रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले. खोलीतल्या आणखी दोघी आजारी पडल्या. पहिली शर्यत ती कशीबशी पोहली, शेवटची आली, बाहेर येताच चक्कर येऊन बसली. दुसरी शर्यत सोडावी लागली. गावात आल्यावर लोक म्हणाले, ‘आमना पैसा पानीमा गयात.’ सर म्हणतात, पोरगी मनाने कच्ची आहे. परवा ती रडत म्हणाली, रात्री उलटी झाली तेव्हा सरांना सांगितलंच नव्हतं, गावाने पैसे दिलेत म्हणून. आता दोन महिन्यांनी पुन्हा परदेशात स्पर्धा आहे. ती म्हणते जाणार नाही, तिचे वडील म्हणतात पाठवायचंच. आमच्याकडच्या पोरींचं पोट बाहेरदेशी टिकत नाही का? पाठवलं तर सोबत काय देऊ? आमचे डॉक्टर म्हणतात, तेव्हाच सलाईन लावली असती तर ती पोहली असती. तशी सोय करता येते का?
– एक आई, चोपडा तालुका

ताई,

रात्री उलटी झाली आणि पोरीने सरांना सांगितलं नाही, हे वाचून मी बराच वेळ थांबले. डबा, औषधं, सलाईन या सगळ्याचं उत्तर देते. पण ही एक गोष्ट सुटल्याशिवाय तिला विमानात बसवू नका, हे आधीच सांगते. पुढच्या खेपेलाही ती आजारी पडू शकते, कितीही जपलं तरी. त्या वेळी ती पहिल्या तासात कुणाला तरी सांगेल की गादीत तोंड खुपसून सकाळची वाट बघेल, सगळं त्यावर ठरणार आहे.

आधी पोटाचं. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि शेवभाजी खाऊन वाढलेलं पोट परदेशात टिकत नाही, हे मनातून काढून टाका. २०२५च्या जुलैमध्ये सिंगापूरला जलतरणाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्याआधी अमेरिकेच्या संघाचं सराव शिबिर थायलंडमध्ये फुकेतला होतं आणि तिथेच संघात उलट्या-जुलाबाची साथ शिरली. जगातला सगळ्यात बलाढ्य पोहण्याचा संघ, सोबत त्यांचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ, तरीही पहिल्याच दिवशी टोरी हस्क आणि क्लेअर वाइनस्टीन यांना आपापल्या शर्यतींतून नाव मागे घ्यावं लागलं. ग्रेचेन वॉल्श त्या दिवशी रिलेत उतरली नाही. दुसऱ्या दिवशी तिने १०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण जिंकलं. हस्कने त्याच आठवड्यात १०० मीटर फ्रीस्टाइलचं कांस्य मिळवलं. तलावातल्या शर्यतींमध्ये सर्वाधिक सुवर्णपदकं शेवटी अमेरिकेचीच होती. त्यांची पोटं काय गावाकडची होती?

अशा ठिकाणी आजार का पसरतो, ते समजून घ्या. स्पर्धेच्या तोंडावर सराव जोरात चाललेला असतो, झोप मोडलेली असते, वर विमानाचा प्रवास. मग एका हॉटेलात शेकडो मुलं उतरतात, तोच वाढपाचा चमचा प्रत्येकाच्या हाती जातो, एका खोलीत तिघी-चौघी, एकच संडास. उलट्या-जुलाबाचे काही विषाणू, विशेषतः नोरोव्हायरस, इतके चिवट असतात की दाराच्या कडीवरून आणि नळाच्या तोटीवरूनही दुसऱ्याला धरतात. अंगात शिरल्यापासून बारा ते अठ्ठेचाळीस तासांत त्रास सुरू होतो. तुमच्या मुलीला दुसऱ्या रात्री त्रास झाला आणि खोलीतल्या दोघीही पडल्या. मी तपासलेलं नाही, त्यामुळे नेमका कोणता जंतू ते सांगणार नाही, पण हे चित्र संसर्गाचं आहे. मनाच्या कच्चेपणाने तीन मुलींना एकदम जुलाब होत नाहीत. हे वाक्य सरांना माझ्या नावाने सांगितलंत तरी चालेल.

आता त्या न सांगण्याबद्दल.

सोळा वर्षांची पोर परक्या देशात रात्री दोन वाजता न्हाणीघरात वाकून उभी आहे आणि तिच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल? सत्काराचा हार, वर्गणीची पावती, तिला टिळा लावणाऱ्या बायका. आपण न उतरलो तर या सगळ्यांना काय तोंड दाखवायचं, हाच विचार. तिने आजार लपवला तो भित्रेपणाने नव्हे. तिच्या अंगावर आपण सगळ्यांनी मिळून एक कर्ज टाकलं होतं आणि ती ते फेडायला निघाली होती. ताई, मला गावाचा राग येत नाही. कुणाच्या तरी लेकीसाठी खिशात हात घालणारं गाव आजही आहे, याचा आनंदच आहे. पण दिलेला पैसा तिच्या पदकावर लावलेला नव्हता, तो तिच्या जाण्यासाठी होता. ती गेली. विमानाचं तिकीट, राहणं, स्पर्धेची फी, सगळं त्यातून झालं.

म्हणून एक काम तिच्या वडिलांनी करायचं आहे, तिने नाही. खर्चाचा हिशोब एका कागदावर मांडा, बिलं जोडा आणि वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळींना बोलावून तो वाचून दाखवा. शिल्लक असेल तर तीही दाखवा. माफी मागू नका, कारण चूक कुणाचीच झालेली नाही. पैसा कुठे गेला हे गावाला कळायला हवं, तेवढा त्यांचा हक्क आहे. आणि त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर, वडिलांनी म्हणावं की पुढच्या वेळी पोरगी आजारी पडली तर ती पोहणार नाही, आणि तो निर्णय आमचा असेल. हे तिच्या कानावर पडू द्या. घरात चार भिंतींत दिलेला धीर तिला पुरणार नाही, कारण टोमणा चारचौघांत बसला आहे.

वडिलांना ‘पोहणार नाही’ म्हणणं जड जाईल, म्हणून दोन जणांची गोष्ट सांगते. तिलाही सांगा, ती ही नावं ओळखत असेल.

ॲडम पीटी तिच्याच प्रकारातला, ब्रेस्टस्ट्रोकचा. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या अंतिम शर्यतीच्या दिवशी त्याला बरं वाटत नव्हतं. तो उतरला, सुवर्ण ०.०२ सेकंदाने हुकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोविडची तपासणी पॉझिटिव्ह आली. त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या लानी पॅलिस्टरलाही कोविड झाला. तिने १५०० मीटरमधून, म्हणजे ज्या शर्यतीसाठी वर्षं घालवली त्यातूनच, नाव काढून घेतलं आणि ताकद राखून ठेवली. दोनच दिवसांनी ४ बाय २०० मीटर रिलेच्या अंतिम फेरीत ती पोहली आणि संघाने सुवर्ण जिंकलं. पुढच्या वर्षी सिंगापूरला ८०० मीटरमध्ये केटी लेडेकीच्या मागे अवघ्या ०.३६ सेकंदाने ती दुसरी आली. नाव मागे घेतल्याने तिचं काहीही गेलं नाही. मला पीटीपेक्षा तिची गोष्ट तुमच्या घरासाठी जास्त मोलाची वाटते, कारण काय सोडायचं आणि काय राखायचं हे तिने ठरवलं, आणि ते ठरवता आलं कारण आजार उघड होता.

ताप असताना, अंग मोडून आलेलं असताना, छातीत धडधडत असताना जोराचा व्यायाम करू देऊ नये, यात तडजोड नाही. विषाणूच्या आजारात कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि अशा वेळी पूर्ण ताकदीने पोहणं जिवावर बेतू शकतं. नुसतं नाक वाहतंय, ताप नाही, तर हलकं पोहायला हरकत नसते. मानेच्या खाली त्रास उतरला की थांबायचं, इतकं तिला पाठ असू द्या. जुलाबाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्याकडे कुणी बोलत नाही. जुलाब होत असताना तलावात उतरणं म्हणजे बाकीच्या मुलांना आजार देणं. क्लोरीनमुळे बरेच जंतू काही मिनिटांत मरतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही आठवड्याहून जास्त जगतो. त्याचा आजार असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे तलाव टाळायचा असतो. मागच्या वेळी हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिला दोष नको. या वेळी सांगा.

आता सलाईन. हा भाग वडिलांना आणि तुमच्या डॉक्टरांना, दोघांनाही वाचायला द्या.

आपल्याकडे अशक्तपणा आला की सलाईन, ताप आला की सलाईन. बाटली टांगली की रुग्णाला आणि नातेवाइकांना बरं वाटतं, हे मी दवाखान्यात रोज पाहते. पण खेळाडूला हा नियम वेगळा आहे. जागतिक उत्तेजक विरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या नियमांनुसार १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन शिरेतून घेणं बंदी असलेल्या पद्धतींत मोडतं. स्पर्धा असो वा नसो, बंदी कायम. आत साधं मीठपाणी असलं तरी. खरोखर गरज पडून रुग्णालयात उपचार झाले तर त्याला सूट आहे, आणि तेव्हा कागदपत्रं जपून ठेवायची. पण हॉटेलच्या खोलीत ‘ताकद यावी’ म्हणून कुणी बाटली लावली, तर पोरीवर उत्तेजकाचा ठपका येऊ शकतो. तिला खरंच शुष्कता आली तर रुग्णालयात न्यायचं, जीव आधी. ताकदीसाठी मात्र नको.

औषधांचंही तसंच. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये स्यूडोइफेड्रिन असतं. स्पर्धेच्या काळात ते ठरावीक प्रमाणाबाहेर लघवीत सापडलं तर गुन्हा. स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन स्पर्धेच्या काळात चालत नाहीत, आणि आपल्याकडे ‘लवकर उतार पडावा’ म्हणून ती सर्रास दिली जातात. दम्याच्या पंपालाही मात्रेची मर्यादा आहे. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये रिक डेमाँट हा अमेरिकेचा सोळा वर्षांचा मुलगा, तुमच्या लेकीच्याच वयाचा, ४०० मीटर फ्रीस्टाइल जिंकला. दम्याच्या औषधात इफेड्रिन होतं म्हणून त्याचं सुवर्ण काढून घेतलं. आपण हे औषध घेतो, हे त्याने अर्जात आधीच लिहिलेलं होतं. मोठ्यांनी ते पुढे पोहोचवलं नाही. परदेशातल्या दुकानातून ओळखीच्या नावाचं औषधही घेऊ नका. स्कीइंगचा खेळाडू ॲलन बॅक्स्टर २००२मध्ये अमेरिकेत नाक मोकळं करायला व्हिक्सचा इनहेलर घेऊन आला. ब्रिटनमधला तो नेहमी वापरायचा, पण अमेरिकेतल्या इनहेलरमध्ये वेगळं औषध होतं, आणि त्याचं ऑलिंपिक कांस्य गेलं. तिची औषधं इथूनच न्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि नाडाच्या, म्हणजे आपल्या देशातल्या उत्तेजक विरोधी संस्थेच्या, नियमांत बसतात की नाही हे संघाच्या डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या. कुणी दिलेलं चूर्ण, काढा, प्रोटीनची पावडर यांतलं काहीही नको. त्यात काय मिसळलंय ते कळत नाही.

मग जुलाब लागले तर काय? ओआरएस, आणि वेळेवर. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचं, अर्ध्या पेल्यात नाही. घोट घोट प्यायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. पाकीट संपलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. दुकानात मिळणारी गोड रसाची खोकी त्यासाठी नकोत. ऑक्टोबर २०२५मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला मनाई केली, ते योग्यच झालं. जुलाब दाबणारी गोळी ताप किंवा शौचात रक्त असताना घेऊ नये. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविकं स्वतःच्या मनाने तर अजिबात नको. विषाणूवर त्यांचा उपयोग नसतो आणि स्नायूंच्या शिरा, म्हणजे टेंडन, त्यांनी दुखावू शकतात. रक्त पडणं, सात-आठ तास लघवी न होणं, पाणीही न टिकणं किंवा गुंगी येणं, यातलं काहीही झालं की थेट रुग्णालय. प्रवास विमा घ्याल तेव्हा त्यात खेळाची स्पर्धा धरलेली आहे ना, हे विचारून घ्या. बरेच जण ते बघत नाहीत.

जाण्याआधी दोन महिने आहेत, ते पुरेसे आहेत. या आठवड्यातच तिला डॉक्टरांकडे न्या. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए यांच्या लशी घेतल्या नसतील तर विचारा, फ्लूची लस निघायच्या किमान दोन आठवडे आधी. हिमोग्लोबिन तपासा. आपल्या भागातल्या इतक्या मुली फिकट चेहऱ्याने सराव करत असतात आणि घरचे म्हणतात, पोरगी हल्ली आळशी झाली.

डब्यात काय द्यायचं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. दशम्या प्रवासाच्या पहिल्या दोन दिवसांसाठी, पुढे भाजलेले दाणे, राजगिऱ्याचे लाडू, खाकरा, बिबडे. नियम देशोदेशी वेगळे असतात, म्हणून विमानतळावर खाण्याचं सगळं जाहीर करायला सांगा. तिथे गेल्यावर बंद बाटलीचं पाणी, दात घासायलाही तेच. बर्फ नको, कापून ठेवलेली फळं आणि कच्ची कोशिंबीर नको. केळी सालासकट मिळतात, ती खुशाल खावीत, रावेर-यावलची चव नसेल तरी. गरम, समोर वाफ येत असलेलं जेवण घ्यावं. तिथली नवी चव चाखायची हौस शेवटच्या शर्यतीनंतर. पाण्याची बाटली कुणाशी वाटून घेऊ नये, जिवलग मैत्रिणीशीसुद्धा. आणि हात साबणाने धुवायचे, कारण हाताला चोळायचं ते सॅनिटायझर नोरोव्हायरसवर फारसं चालत नाही. खोलीत कुणी आजारी पडली तर दुसरी खोली मागायची. त्यात भांडकुदळपणा नाही.

सरांशी तुम्ही दोघांनी बसून बोला, ती नसताना. ते वाईट नसावेत. विहिरीत शिकलेल्या पोरीला परदेशापर्यंत नेणारा माणूस कष्टाळूच असतो. पण त्यांच्याकडून एक गोष्ट शब्दांत मागून घ्या: रात्री कितीही वाजता दार ठोठावलं तरी ओरडणार नाही, आणि आजार सांगितल्याची शिक्षा पुढच्या निवडीत मिळणार नाही. संघासोबत बाईमाणूस आहे का, तेही विचारा. सोळा वर्षांच्या मुलीला पुरुष शिक्षकापुढे जुलाबाचं किंवा पाळीचं बोलायला जीभ रेटत नाही. कुणी बाई जाणार नसेल तर ती मागणी तुम्ही, बाकीच्या मुलींच्या आयांना सोबत घेऊन, लेखी करा. एकटीचं पत्र बाजूला पडतं.

राहिला प्रश्न पाठवायचं की नाही. तिच्या वडिलांचं म्हणणं मला पटत नाही, आणि तिचा नकारही मी अजून शेवटचा मानत नाही. ‘जाणार नाही’ म्हणताना तिला पोहण्याचा कंटाळा आलाय की परत येऊन गावात चालण्याची भीती वाटते, हे तुम्हाला अजून माहीत नाही. बैठक होऊ द्या, सरांशी बोलणं होऊ द्या. मग आठवडाभर विषय काढू नका. त्यानंतर तिला विचारा, आणि विचारताना ‘जाशील ना?’ असं नको, ‘तुला काय करावंसं वाटतं?’ असं विचारा. मागच्या त्या रात्रीचं सगळं तिला एकदा शांतपणे सांगू द्या, मध्ये बोलू नका, वडिलांनाही बोलू देऊ नका.

हो म्हणाली तर निघताना तिच्याजवळ एक कागद द्या. त्यावर तिचा रक्तगट, कशाची ॲलर्जी आहे, घेत असलेली औषधं, संघाच्या डॉक्टरांचा आणि तुमचा नंबर. रोज रात्री एक फोन ठरवून घ्या, आणि त्यात वेळ आणि क्रमांक विचारण्याआधी झोप आणि पोट विचारा. नाही म्हणाली तर सरांना लगेच कळवा, म्हणजे राखीव मुलीला तयारीला वेळ मिळेल. जळगावचा सराव मात्र चालू राहू द्या, तिला नको होईपर्यंत. दोन्हींपैकी काहीही ठरलं तरी लशींसाठी आणि हिमोग्लोबिनसाठी याच आठवड्यात जा. त्या तिला घरी राहिली तरी लागणारच आहेत.